आप्पांविरुद्धचा ठराव

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी घणसोली स्टेशनच्या रस्त्यावर नवा फ्लेक्स. वर उमेदवारशेठ हात जोडून, खाली गोलात आमचे आप्पा फेटा बांधून, आणि त्याखाली लाल अक्षरांत 'ग्रामस्थ मंडळाचा एकमुखी जाहीर पाठिंबा'. एकमुखी! मंडळाचा चिटणीस मी. मला हे रिक्षातून मान बाहेर काढून वाचावं लागलं. आमच्या गावची इथली सगळी माणसं मंडळात. हमाल, मापाडी, टेम्पोवाले, माझ्यासारखे चार कारकून. त्या सगळ्यांची मतं अध्यक्ष म्हणून आप्पांनी परस्पर देऊन टाकली.

उतरल्या उतरल्या फोन लावला. आप्पा खुशीत.

"आरं, शब्द दिलाय मी. भैरोबाचा सभामंडप बांधून देतोय त्यो. गावाचं काम हाय. तू आसं कर, सांच्याला जेवायलाच ये, मग बोलू."

जेवायला ये म्हणे. मत माझं आणि शब्द यांचा, यावर पिठलं-भाकरी खाऊन काय बोलायचं? कामं आहेत सांगून फोन ठेवला.

कॉलेजात दिवसभर डोकं तापलेलं. एका मुलीच्या बोनाफाइडवर दुसरीचं नाव टाकलं. शिपाई हसला.


६ नोव्हेंबर, गुरुवार

विलासदाजी आले. ताईचे यजमान, धान्य बाजारात मापाडी. भाऊबीजेला ताईला सोडून खालूनच परत जाणारा माणूस आज दोन जिने चढून वर आला, तेव्हाच समजायला हवं होतं.

चहा, मग पोरीची चौकशी, मग माझ्या तब्येतीची. मग विषय.

"पाव्हणं, आप्पा देवमाणूस. पन आता त्येंना वाटतंय गाव म्हंजे आपनच. आज मतं दिली, उद्या मंडळाची खोली दिऊन टाकतील, तुमी-आमी बसा टाळ वाजवत."

मी म्हणालो, मग तुम्ही बोला सभेत.

"मी बोललो तर लोक म्हननार, मापाड्याला खुर्ची पायजे. तुमी बोललात तर गप ऐकतील. तुमाला काय पायजे असतं? सगळ्यांना ठावं हाय, दत्ताभाऊला सोताचं काय नसतं."

लोणी लावत होते. मला ते लख्ख दिसत होतं. तरी छान वाटलं, हे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.


९ नोव्हेंबर, रविवार

मंडळाची महिन्याची सभा, गावठाणातल्या आपल्या खोलीत. आप्पांनी पाठिंब्याचं सांगितलं. सांगितलं म्हणजे कळवलं. मग, "कुनाचं काय म्हननं हाय का?"

कुणाचंच काही म्हणणं नाही. दाजी सतरंजीचा दोरा उसवत बसलेले. मी वहीकडे बघत बसलो. माझंही काही म्हणणं नव्हतं म्हणे!

खाली चहाच्या टपरीवर आल्यावर सगळ्यांना कंठ फुटला. असं कसं आप्पांनी केलं, आपली काय किंमत हाय का न्हाय, आपन काय मेंढरं हाय का. वर खोलीत हेच सगळे मांडी घालून माना डोलवत होते. इतका संताप आला की चहा अर्धा टाकून निघालो.

संतापायचं तरी कुणावर? वर मांडी घालून बसलेल्यांत मीही एक होतो.


१२ नोव्हेंबर, बुधवार

स.शी भांडण. दाजींशी फोनवर ठरलेलं सगळं तिला सांगितलं, विशेष सभा बोलवायची, आप्पांना अध्यक्षपदावरून दूर करायचा ठराव आणायचा. ती कोथिंबीर निवडत होती. निवडतच राहिली.

"तुम्हाला आप्पांशी बोलायचंय ना? मग आप्पांशी बोला. दाजींशी काय बोलत बसता?"

म्हटलं, व्यक्तीचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे.

"आपल्या लग्नात तुमच्या बाजूनं बाप म्हणून कोण उभं होतं? पद्धत का?"

या बाईशी वाद घालता येत नाही. मुद्दा राहतो बाजूला. वडील गेल्यावर आप्पांनी मला गावाहून आणलं, त्यांच्या हमालांच्या टोळीत पोती उचलायला न लावता कॉलेजात घातलं, सगळं खरं. ते मी कधी विसरलोय? पण उपकार केले म्हणून माझ्या वतीनं शब्द द्यायचा हक्क मिळतो का? ज्या माणसानं मला शिकायला लावलं त्यालाच हे समजू नये, याचाच तर जास्त राग येतो.


१६ नोव्हेंबर, रविवार

दाजींच्या घरी बैठक. आठ-दहा जण, दार लोटलेलं. ताई कुठेतरी पाठवून दिलेली.

आत गेलो तर मधोमध पाटावर ताट. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. मागे भैरोबाचा फोटो. गावाकडे निवडणुकीच्या आदल्या दिवशी घरोघर चालतो तोच प्रकार. बेलभंडार उचलायचा, शपथ घ्यायची, आणि मग फिरायचं नाही. फिरला तर देव बघून घेतो.

मला किळस आली. अगदी हाच शब्द. आपण आप्पांना सांगणार की माणसाला स्वतःच्या बुद्धीनं ठरवू द्या, आणि सुरुवात देवाची भीती घालून? म्हणालो, ताट उचला. कुणी शपथ घ्यायची नाही. पटत असेल त्यानं हात वर करावा, नसेल त्यानं खाली ठेवावा. आपला शब्द पुरेसा आहे.

दाजी हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमी शिकल्याली मानसं. आमचा एकमेकांवर भरोसा न्हाय म्हनूनच तर ताट मांडलंय."

"भरोसा नसेल तर मी या ठरावात नाही."

ताट उचललं. फ्रिजवर ठेवलं.

घरी येताना बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी ताठ चाललो.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी टाकून मार्केटला गेलो. स.ला सांगितलं कांदे आणतो. आप्पांना रविवारच्या आधी तोंडावर सांगायचं होतं, पाठीमागून वार नको.

आप्पा मुकादमकीतून रिटायर होऊन किती वर्षं झाली, अजून रोज सकाळी नेरूळहून येतात आणि जुन्या गाळ्यासमोर पोत्यावर बसतात. येणारा-जाणारा हमाल पाठीवर वजन घेऊनसुद्धा "राम राम आप्पा" म्हणूनच पुढे जातो. मुकादम दुसराच आहे, त्याला कुणी विचारत नाही.

मला बघून उठले. "तू हिकडं कसा? कांदं? थांब, त्यो वरचा माल नको." स्वतः वाकून पोत्याच्या तळातले कांदे काढून पिशवीत भरले. एकेक दाबून बघत. मी "आप्पा, रविवारी…" एवढं म्हणालो.

"हां, सभेचं ना? आली चिठ्ठी. काय रं इशेष?"

"तिथंच बोलू."

"बरं बरं. पोरीला घिऊन ये कवातरी."

कांदे खरंच चांगले आहेत. स.नं विचारलं, सांगितलंत का? मी म्हणालो, गर्दी होती.


२३ नोव्हेंबर, रविवार

झालं. ठराव मंजूर.

मी बोललो. बरं बोललो असावा, कारण कुणी मध्ये खोकलंसुद्धा नाही. मंडळाची घटना, सभासदाचं मत, राज्यघटनेनं दिलेला अधिकार. आप्पांबद्दल वावगा शब्द नाही, उलट कृतज्ञताच. शेवटी म्हणालो, आप्पांचं चुकलं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा.

पहिला हात माझा. मग कुणाचाच नाही. दाजी माझ्या हाताकडे बघत होते, मग आप्पांकडे, मग जमिनीकडे. ते काही क्षण मी विसरणार नाही. वर केलेला हात किती जड होतो.

आप्पा समोर भिंतीला टेकून बसलेले. माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, लहान अक्षर वाचताना माणूस बघतो तसं. आणि मग त्यांनी हात वर केला. स्वतःचा. स्वतःच्या विरुद्ध.

त्यानंतर काय, भराभर हात. बबन तेवढा खाली हात ठेवून. आप्पांच्या टोळीतला हमाल, यात्रेत ढोल वाजवतो, चेष्टा करायला सगळ्यांना हवा असतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी.

आप्पांनी खोलीच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या, चप्पल घातली आणि गेले. पोचवायला कुणी उठलं नाही. मी पण.

मी हंगामी अध्यक्ष. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं आनंद होईल.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

शेठला कळवलं, मंडळाचा कुणालाही पाठिंबा नाही, ज्यानं त्यानं आपल्या मनानं मत द्यावं. शेठच्या माणसानं फोनवर विचारलं, "म्हंजे तुमी समोरच्याचे का?" दहा वेळा समजावलं. शेवटी तो म्हणाला, "बरं, मग समोरच्याचेच." डोकं आपटावंसं वाटलं.

रविवारी खोलीत सत्यनारायण आहेच, तेव्हा आप्पांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा असं मी ठरवलं. दाजींना पटत नाही. "गेला माणूस गेला. परत हार कशाला घालताय?" मी म्हणालो, आपण त्यांना काढलं ते शत्रू म्हणून नाही, हे दिसलं पाहिजे. बबननं दोन शब्द बोलू का विचारलंय. दाजी तर उडालेच. "त्येच्या हातात माईक दिऊ नका, पाव्हणं. ऐका माझं."

बबनला घाबरायचं? ज्याला गणपतीत आरतीचे शब्द आठवत नाहीत? हो म्हणून टाकलं. मोकळेपणानं बोलायला बंदी घालायची असेल तर आप्पा काय वाईट होते.


३० नोव्हेंबर, रविवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

आप्पा आलेच नाहीत. गुडघा दुखतो असा निरोप. शाल-श्रीफळ ताटात तसंच. मी दोन शब्द बोललो, मग बबन. माईक उलटा धरला, लोक हसले. मग म्हणाला, "ठरावाचं मला काय कळत न्हाय. मला फकस्त येक इचारायचंय. संपत, तू पयल्यांदा गावास्नं आलास, तवा स्टँडवर तुला घ्यायला कोन आलतं?"

संपत म्हणाला, आप्पा.

"मारुती, तुला?" आप्पा. "शंकरअण्णा, तुमाला?" आप्पा. असं एकेकाला नावानं. प्रत्येकाला आप्पा आधी मार्केटला नेत, पोत्यावर बसवून चहा पाजत, आणि मग घरी. हे सगळ्यांना माहीत होतं, पण असं एकापाठोपाठ कुणी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारे डोळे पुसायला लागले. बायका तर उघडच. बबननं आप्पांचं गुणगान केलं नाही, मला शिवी दिली नाही, एक विधान केलं नाही. नुसतं विचारत गेला.

दाजींना विचारलं. दाजी म्हणाले, "आप्पाच की. दुसरं कोन येनार?" आणि माईकपुढं हात जोडले!

मग बबन माझ्याकडं वळला. "दत्ताभाऊ, तुमाला?"

काय म्हणणार? आप्पा, म्हणालो. त्यानं माईक पुढं केला, परत म्हणावं लागलं. मग मी म्हणायला गेलो की प्रश्न तो नाही, स्टँडवर कोण आलं याचा आणि मताचा संबंध नाही. अर्धं वाक्य झालं असेल. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा ओ खाली!" बसलो.

प्रसाद न घेता अर्धी माणसं उठून नेरूळला गेली, आप्पांना भेटायला. शाल घेऊन गेली.


२ डिसेंबर, मंगळवार

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून आप्पांचे जुने फोटो. एकात मूळचा मीही होतो, त्यांच्या शेजारी, मिसरूड फुटलेला. मला कापून टाकलेला फोटो फिरतोय. कडेला माझा खांदा राहिलाय तेवढा.

नवी बातमी अशी की समोरच्या उमेदवारानं मला कोपरखैरण्यात फ्लॅट कबूल केलाय. कोपरखैरण्यातच का, हे कुणाला विचारावं कळत नाही. ज्या माणसाला सोसायटीचा पार्किंगवाला ओळखत नाही त्याला उमेदवार फ्लॅट देणार!

फ्लेक्स परत लागला. या वेळी आप्पांचा फोटो मोठा, आणि खाली छोट्या गोलांत बबन आणि विलासदाजी. दाजी!

तसाच त्यांच्याकडे गेलो. दारातच उभं केलं. मी म्हणालो, ठराव तुमचा, पायऱ्या चढून आलात तुम्ही, तुम्ही मला शब्द दिला होता.

"शब्दच दिला हुता न्हवं?" शांतपणे म्हणाले. "बेल कुठं उचलला हुता? मी मांडलं हुतं ताट. तुमीच उचलायला लावलंत. बेल उचलला असता तर मान कापली तरी फिरलो नसतो, देवाशप्पत."

सगळ्यात चीड कसली येत असेल तर याची, की तो माणूस खोटं बोलत नव्हता. खरंच फिरला नसता. ते सगळे फिरले नसते. भैरोबाला घाबरून का होईना, माझ्या बाजूनं उभे राहिले असते. मी त्यांना मोकळं सोडलं आणि ते मोकळे झाले. मग मी बरोबर होतो की गाढव होतो? दोन्ही एकाच वेळी असता येतं का?

ताई आतच राहिली. भांड्यांचा आवाज तेवढा.


५ डिसेंबर, शुक्रवार

१४ तारखेच्या रविवारी पुन्हा विशेष सभा. मला काढायची. मागणी करणाऱ्यांत आठ-दहा जण तेच, दाजींच्या घरी होते ते. निदान नवी माणसं तरी शोधायची.

आप्पांना परत अध्यक्ष करणार म्हणतात. आप्पा हो म्हणाले का, कुणाला माहीत नाही. त्यांना विचारायची गरजच कुणाला वाटत नाही. माझ्यासकट.

स. म्हणाली, "आता तरी जा."

मी म्हणालो, माफी मागायला जाणार नाही. माझं मुद्द्याचं चुकलेलं नाही.

"माफी मागा असं कोण म्हणतंय? जा म्हणतेय."


७ डिसेंबर, रविवार

गेलो. नेरूळला, त्यांच्या मुलाच्या घरी. आप्पा गॅलरीत खुर्चीवर, गुडघ्याला पट्टा. दुखणं खरं होतं तर. मला वाटलं होतं निमित्त.

"ये. बस. पोरीला न्हाय आनलंस?"

बसलो. काकी आत गेल्या, माझ्याशी एक शब्द न बोलता. बराच वेळ मार्केटचं, गुडघ्याचं, गावाकडच्या थंडीचं. मग मला राहवेना. जे इतके दिवस मनात होतं तेच विचारलं. "आप्पा, तुम्ही त्या दिवशी हात का वर केलात?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तू केलास न्हवं. विलास उभा ऱ्हायला असता तर दोन शिव्या घालून बशीवला असता खाली. पन तू उभा ऱ्हायलास. म्हनलं, दत्ता म्हनतोय चुकलं, म्हंजे कायतरी चुकलंच असनार आपलं. शिकलेला हाय, इचार करून बोलतो. म्हनून क्येला वर."

"पण तुम्हाला पटलं होतं का?"

"पटायला कळाय नगं? तू घटना म्हनालास, आनि काय काय. माझ्या डोस्क्यावरनं गेलं. तुझ्यावर भरोसा टाकला आनि हात क्येला वर." पट्टा सैल करून पाय लांब केला. "लोक येतायत, परत बसा म्हनतायत खुर्चीवर. मी म्हनलं, आदी दत्ताला इचारतो. आता निवांत हायेस तर नीट सांग. काय चुकलं माझं?"

मी सांगायला लागलो. साध्या शब्दांत, भाषण नाही. की आप्पा, मत ही ज्याची त्याची गोष्ट. ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून द्यायची नसते. माणूस कितीही आपला असला, त्याचे कितीही उपकार असले, तरी नुसता त्याच्यावर भरवसा टाकून, स्वतःला न कळता, न पटता हात वर…

इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य येईना.

आप्पा पुढं वाकून ऐकत होते, एका कानाला हात लावून. काकींनी चहा आणून ठेवला, माझाही.

"हां," आप्पा म्हणाले. "मग?"